उस्ता याकूतचे बोल्ट, आमचं पाणी

आमच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर राहणारा उस्ता याकूत, म्हणजे याकूत मिस्त्री, बोल्टांचं लोणचं घालायचा. हसू नका, खरंच घालायचा. अनफूशीत, आमच्या बंदराच्या भागात, होड्या बांधतात त्या मैदानाला लागून त्याचं दुकान होतं. दोन गिऱ्हाइकं आत शिरली की तिसऱ्याने दम धरून बाहेर थांबायचं, एवढंसं. मागच्या फळीवर काचेच्या बरण्या, बरणीत समुद्राचं पाणी, पाण्यात एकेक बोल्ट आणि झाकणावर तारीख. पहिल्या बरणीत जस्त चढवलेला साधा लोखंडी बोल्ट, त्याचा केव्हाच चिखल झालेला. दुसरीत तो स्वस्त चकचकीत, बाजारात स्टेनलेस म्हणून खपणारा. वर्षभरात त्याचा चहाचा गाळ झाला होता. तिसरा बरा, तरी त्याच्या आट्यांत तपकिरी ठिपके धरलेले. चौथ्याच्या डोक्यावर ‘ए-चार’ कोरलेलं होतं. तो अकरा वर्षं खाऱ्या पाण्यात बसून लग्नाच्या दिवसासारखा चमकत होता.

“अकरा वर्षं?” मी एकदा म्हटलं, “माझा नवरा सहा वर्षांत गंजला की रे.”

“तुला निवडता आला नाही, उम सलामा,” याकूत म्हणाला. “आधी माझ्याकडे यायचं होतंस. बरणीत घालून बघितला असता.”

बुटका माणूस, डाव्या हाताचा अंगठा हातोडीने चपटा झालेला, मिशीला तेलाचा वास. त्याचा बाप मोडीत निघालेल्या होड्यांचे खिळे उपटून विकायचा. लहानपणापासून याकूत ते खिळे हातात घेऊन बघत आलेला. कुठल्या खिळ्याला समुद्राने कुठून चावलंय, हे तो आपण कलिंगडाला टिचकी मारून सांगतो तसं सांगायचा. गिऱ्हाईक बोल्ट मागायला आलं की हा बोल्ट काढायच्या आधी चौकशा सुरू करायचा. कुठे बसवणार? समुद्र किती पावलं? वर छप्पर आहे का? छप्पर आहे म्हटलं की याचा चेहरा पडायचा. “पावसात भिजतो तो बोल्ट जगतो, बाबा. पाऊस मीठ धुऊन नेतो. आडोशाला बसलेल्याच्या अंगावर मीठ बसून राहतं, तो आधी मरतो.” लोक वैतागायचे. “उस्ता, मी बोल्ट घ्यायला आलोय, तुझी मुलगी मागायला नाही!” असं एकाने मैदानाला ऐकू जाईल एवढ्या जोरात सांगितलं होतं. पण होडी बांधणारे दुसरीकडे जात नसत. ज्याच्या पायाखाली चार बोटांची फळी आणि खाली समुद्र आहे, त्याला चौकशीचा कंटाळा परवडत नाही.

आमच्या इमारतीचे गॅलऱ्यांचे कठडे दहा वर्षांपूर्वी पार कुजले. इमारत पाच मजली, समोर रस्ता आणि रस्त्यापलीकडे समुद्र. हिवाळ्यात लाटेचे तुषार माझ्या चौथ्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर येतात. जुने लोखंडी कठडे हात लावला की पापुद्रे सोडायचे. मग जिन्यात बैठक बसली. बैठक म्हणजे काय, पुरुष पायऱ्यांवर आणि बायका दारांत.

तिसऱ्या मजल्यावरचा रईस दसूकी, मासेमारी बोटीचा मालक, आवाज भोंग्याचा. तो खिशात लोहचुंबक घेऊन आला होता. याकूतने दोन बोल्ट पुढे ठेवले होते. रईसने स्वस्त बोल्टाला चुंबक लावला, चिकटला नाही. ए-चारला लावला, तर किंचित ओढला गेला.

“बघा!” रईस ओरडला. “चुंबकाला चिकटतं ते लोखंड. हा उस्ता आपल्याला महाग लोखंड विकतोय, आणि तेही शेजारधर्म म्हणून!”

“रईस, चुंबक मासे ओळखत नाही तसा पोलादही ओळखत नाही,” याकूत म्हणाला. “थंड ठोकून आटे पाडले की चांगलं पोलादही थोडं ओढलं जातं. आणि तो स्वस्तातला चिकटत नाही, पण खाऱ्या वाऱ्यात चार हिवाळे काढत नाही.”

“मग ओळखायचं कसं? चाटून?”

“माझ्या बरणीत बघून.”

शेवटी रईसची बायको इन्शिराह दारातून म्हणाली, “अहो, महाग तर महाग. मी दिवसातून दहा वेळा त्या कठड्यावर पोट टेकून टोपली खाली सोडते. माझं वजन तुम्हाला माहीत आहे.” सगळे हसले. इन्शिराह भरदार बाई होती, स्वतःच्या अंगावर विनोद करायला तिला कोणाची परवानगी लागत नसे. ए-चार ठरला. याकूतने नफा घेतला नाही आणि प्रत्येक बोल्ट स्वतः बसवला, पाचही मजल्यांवर, वायसरखाली बोट फिरवून फिरवून.

काम झाल्यावर त्याने जिन्यात एक कागद चिकटवला. ‘कठडे फक्त गोड्या पाण्याने धुवावेत. क्लोर अजिबात लावू नये.’ दुसऱ्या दिवशी सकाळी त्याखाली भुवयांच्या पेन्सिलीने लिहिलेलं होतं, ‘नवऱ्यांनाही हाच नियम.’ अक्षर माझं, ते सगळ्यांना कळलं. महिनाभर इमारत त्यावर हसली. दुसऱ्या मजल्यावरची हाज्जा ज़ीनात तर नवरा अंघोळीला गेला की जिन्यात येऊन ओरडायची, “गोडं पाणी आहे ना रे बाबा?” कागदाची थट्टा झाली ती झालीच. थट्टा झालेल्या कागदाचं कोण ऐकतं?

आणि क्लोर, म्हणजे डाग घालवायचं ते ब्लीच, सोडायचा म्हणजे काय? गुरुवारी आमच्याकडे घर धुतात. शुक्रवारची नमाज, पाहुणे, त्याआधी जिना, फरशी, गॅलरी सगळं. ते उग्र पांढरं पाणी बादलीत पडलं, नाकात झणका बसला, डोळ्यांतून पाणी आलं, की घर स्वच्छ. ज्या दारातून तो वास येत नाही त्या दारातली बाई आळशी, तिच्या मुलीला सून करून घेऊ नये. असं माझी आई म्हणायची आणि मीही म्हणत आले. याकूतची बायको बदरिया तेवढी साध्या पाण्याने पुसायची. आम्ही तिला ‘मौलवीणबाई’ म्हणायचो, कारण नवऱ्याचा फतवा पाळणारी ती एकटीच. कठड्याच्या पायाशी तपकिरी डाग दिसला की आम्ही बाकीच्या त्यावर क्लोर नुसता ओतायचो आणि तसाच ठेवायचो. डाग जायचा. मग कशाला काळजी?

माझ्या गॅलरीची पन्हळ इन्शिराहच्या कठड्याच्या बरोबर वर उघडते. गुरुवारी माझं पाणी वाऱ्याने तिच्याकडे जायचं.

“उम सलामा! तुझं पाणी माझ्या कठड्यावर!”

“फुकटात धुऊन मिळतंय तर धुऊन घे की!”

“माझा काळा झगा पांढरा झाला, बये!”

“मग लग्नाला वापर!”

ती खालून हसायची, मी वरून हसायचे. तिची सून सबाह खाली स्वतःची बादली ओतत असायची.

चार वर्षांपूर्वी याकूत पाना घेऊन सगळ्या मजल्यांवर फिरला. इन्शिराहच्या गॅलरीत बराच वेळ गुडघ्यांवर बसला, तळपट्टीला नाक लावून. मी वरून डोकावले. “काय रे, पोळी भाजलीय का तिथे?”

“क्लोर लावताय तुम्ही?” त्याने मान वर केली.

“छे! तुझा कागद पाठ आहे आम्हाला.”

तो हसला नाही. “डोकं चमकतंय,” तो म्हणाला, “पण पट्टीच्या खाली, फटीत, काय चाललंय ते वरून दिसत नाही. एकदा सगळे काढून बघायला हवेत.”

रईस म्हणाला, ईदनंतर बघू. ईदनंतर मासे लागले, मग बोटीचं इंजिन बिघडलं, मग परत ईद आली.

तीन वर्षांपूर्वी, मे महिन्यातल्या एका गुरुवारी दुपारी, इन्शिराहने टोपली खाली सोडली होती. खाली भाजीवाल्याने कांदे आणि कोबी भरले. ती दोरी ओढत होती, पोट कठड्याला टेकलेलं. मी स्वयंपाकघरात होते. आवाज आला तो किंचाळण्याचा नव्हता, पत्रा ओढल्यासारखा. मग खालून एक मोठा धपका, आणि त्यानंतर काही क्षण रस्त्यावर काहीच नाही, गाडीचा हॉर्नसुद्धा नाही. मी गॅलरीत धावले आणि स्वतःच्या कठड्याला हात लावणार तेवढ्यात थांबले. खाली कठडा तिच्या अंगावर पडला होता. कांदे दूरपर्यंत घरंगळत गेले होते. दवाखान्याची गाडी येईपर्यंत ती गेली.

याकूत दुकानातून पळत आला. त्याने आधी तिच्याकडे पाहिलं, जमिनीवर बसला, तिच्या पायांवर कोणाची तरी चादर ओढली. मग कठड्याच्या पायाशी लटकलेला एक बोल्ट हातात घेतला. डोकं लखलखीत, ‘ए-चार’ स्पष्ट वाचता येत होतं. त्याखाली जिथे बोटाएवढं जाड पोलाद असायला हवं, तिथे उंदराने कुरतडल्यासारखी काडी उरली होती. त्याने तो नाकाशी नेला. तेवढ्यात रईस आला.

त्या संध्याकाळी लोकांनी इमारतीतले सगळे कठडे हलवून बघितले. चारही वरचे मजले खिळखिळे. याकूतचा पहिल्या मजल्याचा मात्र पहाडासारखा. बदरियाने सात वर्षं तो पाण्यानेच पुसला होता ना. पण लोकांनी काय म्हणावं? “स्वतःच्या घराला खरे लावले, आम्हाला नकली!” एकाने चुंबक आणून लावला, तो किंचित ओढला गेला, आणि जिना ओरडला. रईस ओरडला नाही. तो पायऱ्यांवर बसून नुसतं म्हणत होता, “मी त्या दिवशी सांगितलं होतं. मी सांगितलं होतं.”

चौथ्या दिवशी चौकशीचा इंजिनियर आला. तरुण, घामाघूम, सोबत एक लिहून घेणारा. त्याने बोल्ट बघितले, फटी बघितल्या, भिंग लावलं. माणूस मूर्ख नव्हता. रईसच्या दिवाणखान्यात त्याने आम्हा बायकांना बोलावलं. रईस दारात उभा, दाढी वाढलेली. याकूत भिंतीशी, एका शिपायाच्या शेजारी.

“हे समुद्राचं काम वाटत नाही,” इंजिनियर म्हणाला. “या पोलादाला समुद्र सात वर्षांत एवढा खोल चावत नाही. फटीत काहीतरी साचत राहिलंय. मला सरळ सांगा, गॅलऱ्या, कठडे कशाने धुता? क्लोर लावता?”

मी सबाहकडे बघितलं. तिने हात ओढणीखाली घेतले. क्लोरने तिच्या बोटांची सालं निघालेली असायची नेहमी. क्लोर म्हटलं तर रईस विचारणार, माझ्या बायकोच्या कठड्यावर कोणी ओतला? सुनेने. आणि वरून कोणाच्या पन्हळीतून आला? सबाहने माझ्याकडे बघितलं.

हाज्जा ज़ीनात सगळ्यांत मोठी, म्हणून तिला आधी विचारलं.

“पाण्याने, साहेब,” ती म्हणाली.

“नुसत्या पाण्याने?”

“गोड्या पाण्याने. उस्ताने कागदच लावला होता जिन्यात. आम्ही ऐकणाऱ्या बायका.”

पाचव्या मजल्यावरची म्हणाली, पाण्याने. सबाह म्हणाली, पाण्याने, अल्लाची शप्पथ. मग माझी पाळी.

“पाण्याने,” मी म्हटलं. “कागद अजून आहे खाली, बघा हवं तर.”

लिहिणाऱ्याने लिहून घेतलं. इंजिनियरने भिंग खिशात घातलं. “मग दोनच गोष्टी उरतात,” तो म्हणाला. “एक तर शिक्का खोटा, नाहीतर बसवणारा चुकला.” तो याकूतकडे वळला. “उस्ता, तुमचं काय म्हणणं? पाणीच होतं?”

याकूतने आम्हा चौघींकडे एकेक करून बघितलं. माझ्यावर नजर आली तेव्हा मला वाटलं, आता बोलणार. त्याने बोल्टाचा वास घेतलेला मी पाहिला होता.

“या माझ्या शेजारणी आहेत,” तो म्हणाला. “वीस वर्षांचा शेजार आहे. त्या खोटं कशाला बोलतील?”

टोमणा होता की खरंच तसं म्हणाला, मला आजही सांगता येत नाही. बोल्टाचा तुकडा कैरोला तपासायला पाठवतो म्हणाला इंजिनियर. पाठवला असेल. त्याचा कागद काही आला नाही. याकूतला एक वर्षाची शिक्षा झाली.

त्या वर्षात बदरियाने दुकान उघडायचा प्रयत्न केला. होडी बांधणारे यायचे, सलाम करायचे, आणि बोल्ट न घेता जायचे. “वहिनी, समुद्रावर जायचं असतं,” एकाने तिला समजावलं. तेवढं पुरे होतं. मी तिला मधूनमधून शिजवलेली मोलोखियाची पालेभाजी नेऊन द्यायचे. ती ठेवून घ्यायची, भांडं धुऊन परत करायची. क्लोरचा वास नसलेलं भांडं.

याकूत सुटून आला तेव्हा मिशी पांढरी झाली होती आणि श्वास घेताना छातीत शिट्टी वाजायची. पाच-सहा महिन्यांनी मी दुकानात गेले. जुन्या बरण्या गेल्या होत्या, फळीवर एकच होती. त्यात दोन पट्ट्यांमध्ये घट्ट आवळलेला ए-चार बोल्ट, आणि झाकण उघडताच तोच गुरुवारचा झणका. त्याने माझ्यासमोर नट सोडवला, पट्ट्या काढल्या. डोकं चमकत होतं. आट्यांच्या जागी खजुराच्या चोखलेल्या बीसारखं काहीतरी.

“पाच महिने,” तो म्हणाला. “नुसता बरणीत. ओतून, वाळवून, परत ओतून.”

“कोणाला दाखवलंस?”

“कोणाला दाखवू? म्हणतील, हाही नकलीच असणार.”

मी स्टुलावर बसले. “मी सांगते रईसला,” मी शेवटी म्हटलं. “माझ्या पन्हळीचं पाणी होतं ते. आणि सबाहचं.”

त्याने पट्ट्या पुसून बाजूला ठेवल्या. “मला सोड. माझ्या बापापासून त्या मैदानात आमचं नाव चालत आलंय. कोणी तिथे जाऊन एवढं म्हटलं की पोलाद खरं होतं, तर बस.” मग बरणीचं झाकण लावत, “सबाहचं नाव नको घेऊस. तिला तो घरातून काढेल.”

मी हो म्हटलं. उद्या जाईन म्हटलं. मग रईसची बोट गेली महिनाभर. तो आल्यावर त्याच्या दुसऱ्या मुलाचा साखरपुडा ठरला, अशा वेळी मेलेलीचं नाव कसं काढायचं? मग रमजान लागला. याकूत जिन्यात भेटला की मान हलवायचा, विचारायचा नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

जानेवारीत तो छातीच्या दुखण्याने गेला. तीन दिवस आजारी, चौथ्या दिवशी नाही.

रस्त्यावर मांडव टाकला, पुरुष खुर्च्यांवर, शेख कुराण पढतोय, बिनसाखरेची कॉफी फिरतेय. मांडवात निम्म्या खुर्च्या रिकाम्या. होडी बांधणाऱ्यांतले दोघंच आले होते. आम्ही बायका वर, बदरियाभोवती. मी तिच्या कानाशी वाकले आणि सांगितलं. सगळं. पन्हळ, बादल्या, इंजिनियर, माझं ‘पाण्याने’. ती रडत होती ती थांबली.

“मला का सांगतेस?” ती म्हणाली. “मला माहीत नव्हतं वाटलं तुला? त्याला माहीत होतं, मला माहीत होतं. खाली जा. खाली बसलेत त्यांना सांग.”

बाई पुरुषांच्या मांडवात जात नाही. मी गेले. शेख दोन आयतींच्या मध्ये श्वास घेत होता. रईस पहिल्या रांगेत बसला होता, शेजारधर्म म्हणून आला होता, तेवढं मोठं मन त्याचं होतं. होडीवाले दोघं त्याच्या मागे.

“रईस,” मी म्हटलं, आणि माझा आवाज सगळ्या मांडवाला ऐकू गेला. “उस्ता याकूतचे बोल्ट खरे होते. क्लोरने खाल्ले ते. मी दर गुरुवारी ओतत होते, माझ्या पन्हळीतून तुझ्या कठड्यावर सात वर्षं. इंजिनियरला मी खोटं सांगितलं.”

मागच्या रांगेत कोणीतरी हळूच हसलं. मी बोलले की लोक आधी हसतात, सवयच आहे. दुसऱ्याने त्याला गप्प केलं. होडीवाल्यांनी एकमेकांकडे बघितलं, मग कॉफीच्या कपांकडे. रईस उठला. मला वाटलं मारणार, आणि मारलं असतं तर मी मुकाट खाल्लं असतं. त्याने माझ्या खांद्याला धरून मला मांडवाच्या कडेला नेलं. त्याचे डोळे भरून आले होते.

“उम सलामा,” तो हळू म्हणाला, “तू बदरियासाठी हे करतेयस, मला कळतंय. मेलेल्याची लाज झाकावी, चांगलंच आहे. पण क्लोर? अगं, सगळं शहर क्लोरने धुतं. धुण्याचं पाणी पोलाद खातं का कधी? माझ्या इन्शिराहवर तरी चेष्टा करू नकोस.”

“चेष्टा नाही रे, रईस. देवाशपथ.”

“बरं, बरं,” तो म्हणाला, लहान मुलाला म्हणतात तसं. “शेजारणीचं काम केलंस. आता वर जा, लोक बघतायत.”

तो परत जाऊन आपल्या खुर्चीवर बसला. शेखने घसा साफ केला आणि पुढची आयत सुरू केली.